जैववैद्यकीय अभियांत्रिकीतील तरुण संशोधकांचे पुरस्कार : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फर्मागुढी, कुंकळ्ळी, झुआरीनगर, ताळगावचे पठार आणि बांबोळी या गोव्यातील शिक्षणकेंद्रांत शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या तरुणांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. पुरस्कारांची नावे, वयोमर्यादा आणि मुदती अधूनमधून बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी. ही सूचना एकदाच येथे करून ठेवतो, प्रत्येक उत्तरात ती पुन्हा येणार नाही.

हे पुरस्कार नेमके कशाबद्दल दिले जातात?

या नावाखाली येणाऱ्या सगळ्या योजना एका जातीच्या नाहीत. काही पुरस्कार झालेल्या कामाबद्दल असतात. संशोधकाने गेल्या काही वर्षांत काय सिद्ध केले आणि इतरांनी त्याचा किती आधार घेतला हे पाहून पदक व सनद दिली जाते. काही पुरस्कार नावाला पुरस्कार आणि प्रत्यक्षात पुढील कामासाठीचे अनुदान असतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने सुरू केलेला, हरगोविंद खोराना यांच्या नावाचा तरुण जैवतंत्रज्ञांसाठीचा पुरस्कार या धाटणीचा आहे. विद्यार्थ्यांच्या बहुतेक स्पर्धांमध्ये मात्र माणसापेक्षा त्याने घडवलेली वस्तू पाहिली जाते. म्हणजे रुग्णाच्या पायाखालचा दाब मोजणारा बुटाचा तळ खरोखर चालतो का, किती किमतीत होतो, आणि कोणाच्या उपयोगी पडतो, हे तेथे विचारले जाते.

अर्ज फसतात ते बहुधा या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. अनुदानाच्या अर्जात सारा भर मागील शोधनिबंधांवर दिलेला असतो आणि पुढे काय करणार यावर चार ओळी असतात. उलट पदकाच्या अर्जात भविष्यातील स्वप्नांची पाने भरलेली असतात. परीक्षकांनी जे विचारलेलेच नाही त्याचे उत्तर कितीही चांगले असले तरी त्याला गुण मिळत नाहीत.

माझे काम निम्मे वैद्यकातले आणि निम्मे अभियांत्रिकीतले आहे. अर्ज कोणत्या शाखेत करावा?

या क्षेत्रातला हा सर्वांत अवघड निर्णय आहे आणि तो अर्ज लिहिण्याच्या आधी घ्यावा लागतो. भारतातील मोठ्या पुरस्कारांमध्ये जैववैद्यकीय अभियांत्रिकी असा स्वतंत्र विभाग सहसा नसतो. अर्ज वैद्यकात गेला तर परीक्षक डॉक्टर आणि रोगशास्त्राचे जाणकार असतात. ते विचारतात की रुग्णाच्या उपचारात फरक काय पडला. अभियांत्रिकीत गेला तर परीक्षक विचारतात की यात नवे तंत्र कोणते. एकाच उपकरणाला या दोन प्रश्नांची उत्तरे सारख्या ताकदीची नसतात.

२०२१ च्या शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारांत मुंबईच्या आयआयटीतील जैवअभियांत्रिकीचे प्राध्यापक रोहित श्रीवास्तव यांची निवड झाली ती वैद्यकीय विज्ञान या विभागात, अभियांत्रिकी विज्ञानात नव्हे. प्रयोगशाळा अभियांत्रिकी संस्थेत असली म्हणजे अर्ज अभियांत्रिकीतच केला पाहिजे असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. माझा सल्ला असा की, पुराव्यातला सर्वांत भक्कम तक्ता कोणता ते आधी ठरवावे. तो रुग्णांच्या निष्कर्षांचा असेल तर वैद्यकाकडे जावे. तो संवेदकाच्या (सेन्सरच्या) अचूकतेचा, पदार्थाच्या टिकाऊपणाचा किंवा गणिती पद्धतीचा असेल तर अभियांत्रिकीकडे. आणि ज्या योजनेत तंत्रज्ञान व नवोन्मेष असा वेगळा विभाग आहे, तेथे उत्पादन बाजारात वा दवाखान्यात पोहोचलेले असल्याशिवाय जाऊ नये.

‘तरुण’ म्हणजे किती वर्षांचा?

पुरस्कारागणिक वेगळा. भटनागर पुरस्काराची मर्यादा ४५ वर्षांची आहे. प्रयागराजच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तरुण शास्त्रज्ञ पुरस्कारासाठी ३५ वर्षांची मर्यादा राहिली आहे. इन्फोसिस पुरस्काराने २०२४ पासून आपली मर्यादा ५० वरून ४० वर्षांवर आणली. परदेशातील अनेक संस्था वय न मोजता अंतिम पदवीनंतरची वर्षे मोजतात. ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते, कारण एमबीबीएस करून, गावातल्या आरोग्यकेंद्रात नोकरी करून मग अभियांत्रिकीच्या संशोधनाकडे वळलेली डॉक्टर चौतिसाव्या वर्षी नुकतीच पीएचडीला लागलेली असते आणि वयाच्या मोजपट्टीवर ती संपत आलेली दिसते.

बाळंतपण, संगोपन किंवा आजारपणामुळे कामात खंड पडला असल्यास काही योजना सवलत देतात. ती आपोआप मिळत नाही, कागदपत्रांसह मागावी लागते. वय कोणत्या तारखेला मोजले जाते हेही पाहावे. ती तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसाची असेलच असे नाही, पुष्कळदा ती वर्षाच्या सुरुवातीची किंवा अखेरची असते.

भारतातले मुख्य पुरस्कार कोणते?

सर्वांत वरचे स्थान भटनागर पुरस्काराचे. तो १९५८ पासून वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेतर्फे दिला जात होता. केंद्र सरकारने २०२२ मध्ये विज्ञानविषयक खात्यांच्या अनेक पुरस्कारांचा आढावा घेतला, त्यांतले बरेचसे बंद केले, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार ही एकत्रित योजना जाहीर केली. तिच्यात विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम असे चार पुरस्कार आहेत. विज्ञान युवा याच्या नावाला भटनागरांचे नाव जोडलेले आहे. पहिले पुरस्कार २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपती भवनात दिले गेले. नामनिर्देशने केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर घेतली जातात. जुन्या याद्या पाहून तयारी करणाऱ्यांनी ही उलथापालथ लक्षात घ्यावी. महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आजही बंद पडलेल्या पुरस्कारांची पत्रके लावलेली आढळतात.

गोमंतकीयांना या पुरस्काराची एक जवळची नोंद ठाऊक असावी. माशेल येथे १९४३ साली जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांना १९८२ मध्ये अभियांत्रिकी विज्ञानातील भटनागर पुरस्कार मिळाला, तेव्हा ते चाळिशीच्या आतच होते. त्यांचे क्षेत्र बहुवारिकांचे (पॉलिमरचे) आणि रासायनिक अभियांत्रिकीचे. पण आईच्या नावाने त्यांनी २०११ मध्ये सुरू केलेला अंजनी माशेलकर सर्वसमावेशक नवोन्मेष पुरस्कार हा आपल्या विषयाला फार जवळचा आहे, कारण त्यात कमी खर्चात अधिकांपर्यंत पोहोचणाऱ्या वस्तूंचा विचार होतो आणि स्वस्त वैद्यकीय उपकरणांना त्यात मान मिळालेला आहे.

अकादम्यांमध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७४ पासून तरुण शास्त्रज्ञांना पदके देण्याची प्रथा पाडली. १९८७ मध्ये स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमी तरुण अभियंत्यांचा गौरव करते आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांनाही पुरस्कार देते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुरस्कारांत चाळिशीच्या आतील संशोधकांसाठी शकुंतला अमीरचंद यांच्या नावाचे पारितोषिक अनेक वर्षे दिले गेले. इन्फोसिस पुरस्काराची रक्कम एक लाख अमेरिकी डॉलर आहे. २०२४ मध्ये अभियांत्रिकी व संगणकशास्त्र विभागात तो श्याम गोल्लाकोटा यांना देण्यात आला, आणि मोबाइल फोनचा उपयोग करून आरोग्यतपासणी स्वस्त करण्याचे त्यांचे काम त्यामागच्या कारणांत होते.

गोवा सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने मनोहर पर्रीकर यांच्या नावाने युवा शास्त्रज्ञ पुरस्कार सुरू केला आहे. तो केवळ गोव्यापुरता किंवा केवळ आपल्या शाखेपुरता नाही. पहिला मान चांद्रयान-३ मोहिमेत काम केलेल्या इस्रोच्या शास्त्रज्ञाला मिळाला. स्थानिक म्हणून येथे झुकते माप मिळेल या समजुतीने अर्ज करू नये.

परदेशी संस्थांचे पुरस्कार आपल्याला खुले असतात का?

काही असतात. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय व जैव अभियांत्रिकी महासंघ १९५९ मध्ये स्थापन झाला. त्याच्या सहभागाने दर तीन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक परिषदेत तरुण संशोधकांची स्पर्धा होते. २०२२ ची परिषद सिंगापूरला झाली. आयईईई या संस्थेची वैद्यक आणि जीवशास्त्रातील अभियांत्रिकीची शाखा वार्षिक परिषदेत विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांची स्पर्धा घेते आणि कारकिर्दीच्या आरंभीच्या टप्प्यातील संशोधकांना वेगळा पुरस्कार देते. गोव्यातल्या विद्यार्थ्याला या स्पर्धा सर्वांत आवाक्यातल्या आहेत, कारण तेथे नामांकित गुरूच्या शिफारशीपेक्षा शोधनिबंध आणि तो मांडण्याची हातोटी यांना वजन असते. खर्च मात्र प्रवासाचा असतो, तेव्हा प्रवास-अनुदानाचा अर्ज निबंध स्वीकारला जाण्याची वाट न पाहता आधीच तयार ठेवावा.

अमेरिकेतील बायोमेडिकल इंजिनिअरिंग सोसायटी १९६८ ची. तिचा तरुण संशोधकांचा पुरस्कार रिटा शॅफर यांच्या नावाने आहे. अमेरिकी यंत्र अभियंत्यांची संस्था आधुनिक जैवयामिकीचे (बायोमेकॅनिक्सचे) जनक मानले जाणारे वाय. सी. फुंग यांच्या नावाने पुरस्कार देते. या दोन्हींच्या मागे त्या समाजातील अनेक वर्षांचा वावर असतो. घरी बसून पाठवलेल्या पहिल्याच अर्जावर ते मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये.

मी अजून बी.ई.च्या शेवटच्या वर्षात आहे. माझ्यासाठी काही आहे का?

आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना वाटते त्यापेक्षा बरेच आहे. सृष्टी या अहमदाबादच्या संस्थेने २०१२ पासून दिलेला गांधीयन यंग टेक्नॉलॉजिकल इनोव्हेशन पुरस्कार विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठीच आहे, आणि पुढे बायरॅक या केंद्रीय संस्थेच्या साहाय्याने जैववैद्यकीय प्रकल्पांना त्यात वेगळे स्थान मिळाले. जेम्स डायसन पुरस्कार अभियांत्रिकी आणि आरेखन शिकणाऱ्या किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांसाठी आहे. भारत त्यात सहभागी देश आहे. २०२२ मध्ये त्याच्या जागतिक विजेत्यांत पोलंडच्या विद्यार्थ्यांची जखमेवरची पट्टी होती: जखमेचा सामू (पीएच) मोजून ती पट्टी न सोडता जखम बरी होत आहे की चिघळत आहे हे सांगते. मधुमेहामुळे पायाला न भरणारी जखम झालेला माणूस ज्याच्या घरात आहे, त्याला या कल्पनेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

बायरॅकच्याच बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट या योजनेत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. तो पुरस्कार नाही, पण कल्पनेपासून चालत्या नमुन्यापर्यंत जाण्यासाठी एखाद्या ढालीपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

गोव्यासारख्या लहान राज्यातून अर्ज केल्याने तोटा होतो का?

मोठ्या प्रयोगशाळा, महागडी यंत्रे आणि नामांकित शिफारसकर्ते येथे कमी आहेत, हे खरे आहे. पण या विषयात रुग्ण आणि अभियंता यांच्यातले अंतर जितके कमी तितके काम खरे होते, आणि ते अंतर गोव्यात फार कमी आहे. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा त्याच परिसरात सुरू झालेल्या आयआयटीतून निघालेला विद्यार्थी तासाभरात बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पोहोचतो. राज्यातले गुंतागुंतीचे बहुतेक रुग्ण याच एका रुग्णालयाकडे येतात. मोठ्या शहरांत हीच भेट ठरवायला आठवडे जातात.

प्रश्नही येथे हाताशी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. डोळ्याच्या पडद्याची तपासणी, पायाच्या संवेदनेची चाचणी, जखमेवर लक्ष ठेवणे, यांपैकी कोणत्याही विषयावर काम करणाऱ्याला समस्येचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी परदेशी आकडे उसने घ्यावे लागत नाहीत. तालुक्यांच्या रुग्णालयांतून ईसीजी पाठवून हृदयविकाराच्या झटक्याचे निदान लवकर करणारी स्टेमी गोवा योजना राज्यात आधीच राबवली गेली आहे; अशा चालू व्यवस्थेतील एखादी अडचण शोधून सोडवणे हे रिकाम्या कागदावर नवे उपकरण काढण्यापेक्षा अधिक पटणारे काम ठरते. सत्तरीतील माकडतापासारख्या आजाराचे निदान, जेथे रक्ताचा नमुना दूर पाठवावा लागतो, हाही असाच एक विषय.

अर्जात हे सारे नीट सांगावे. ‘भारतातील ग्रामीण भागात आरोग्यसेवेचा अभाव आहे’ अशा वाक्याने सुरू होणारे अर्ज परीक्षकांसमोर ढिगाने येतात. कोणत्या केंद्रात, कोणत्या कर्मचाऱ्याला, कोणते काम करताना अडते हे लिहिलेला अर्ज त्या ढिगातून वर येतो.

पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो का?

राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पुरस्कारांना नाही. राज्य सरकारच्या एखाद्या शिष्यवृत्तीला किंवा नोकरीला लागू शकतो. त्यासाठी मामलेदार कार्यालयात खेपा घालणे वेगळे.

माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मी भारतीय पुरस्कारांना पात्र आहे का?

गोव्यात हा प्रश्न अपवादात्मक नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट मोकळी असल्याने अनेक घरांत एका भावाचा पासपोर्ट एका देशाचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या देशाचा असतो. पुरस्कारांच्या बाबतीत उत्तर योजनेनुसार बदलते. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार परदेशस्थ भारतीय वंशाच्या व्यक्तींनाही खुला आहे, मात्र त्यांच्या कामाचा भारतीय समाजाला लाभ झालेला असावा अशी अपेक्षा आहे. इन्फोसिस पुरस्कार भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळू शकतो आणि परदेशात राहणाऱ्या विजेत्याने काही काळ भारतातील संस्थेत घालवावा असे नव्या नियमांत अभिप्रेत आहे. अकादम्यांची पदके आणि केंद्रीय खात्यांची अनुदाने साधारणपणे भारतीय नागरिकांसाठी असतात. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारकांना कोणती सवलत आहे हे त्या योजनेच्या पात्रतेच्या कलमात पाहावे. पोर्तुगीज नागरिकाला युरोपीय संघाच्या योजना खुल्या होतात, ही त्याची दुसरी बाजू.

नामनिर्देशन कोणी करायचे? स्वतः अर्ज करता येतो का?

विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत आणि अनुदानांत स्वतःच अर्ज करायचा असतो. अकादम्यांची पदके बहुतेक वेळा अकादमीच्या सदस्यांच्या किंवा संस्थाप्रमुखांच्या नामनिर्देशनावर चालतात. येथे गोव्यातील तरुणाला अडचण येते, कारण त्याच्या महाविद्यालयात अकादमीचा एकही सदस्य नसतो. अशा वेळी आपल्या विषयातील सदस्य शोधून, आपले दोन उत्तम शोधनिबंध आणि एका पानाचा सारांश पाठवून, नम्रपणे विचारणे यात गैर काही नाही. मात्र अंतिम तारखेच्या आठवडाभर आधी नव्हे.

शिफारसपत्रांबद्दल एक आग्रहाची सूचना आहे. उपकरणावरील कामासाठी किमान एक पत्र ते उपकरण प्रत्यक्ष वापरलेल्या डॉक्टरांचे, परिचारिकेचे किंवा तंत्रज्ञाचे असावे. ‘उमेदवार मेहनती व सुशील आहे’ असे कुलगुरूंनी लिहिलेले पत्र शोभेचे राहते. ‘हे यंत्र आमच्या वॉर्डात दोन महिने होते, दमट हवेत त्याचा संवेदक बिघडला, मग त्यांनी तो बदलून आणला आणि त्यानंतर तक्रार आली नाही’ असे परिचारिकेचे पत्र परीक्षक पुन्हा वाचतात.

शोधनिबंध किती हवेत?

संख्या कोठेही निर्णायक नसते. मुख्य निबंधात अर्जदाराचा वाटा कोणता, हे विचारले जाते.

उपकरणाची रुग्णांवर चाचणी घेतली आहे, पण एथिक्स कमिटीची परवानगी घेतली नव्हती. ते निष्कर्ष अर्जात द्यावेत का?

नाही. आणि अशी चाचणी यापुढे करूही नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरील संशोधनाला आचारनीती समितीची (एथिक्स कमिटीची) पूर्वपरवानगी आणि सहभागी व्यक्तीची समजून दिलेली संमती आवश्यक आहे. काम झाल्यावर मागील तारखेने परवानगी मिळत नाही. ‘फक्त मनगटावर पट्टा बांधला, टोचले काहीच नाही’ हा युक्तिवाद समितीसमोर करायचा असतो, समितीला टाळण्यासाठी नव्हे. धोका नगण्य असेल तर ती लवकर निर्णय देऊ शकते.

वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ यांत उपकरणांची धोक्याच्या प्रमाणात अ ते ड अशी वर्गवारी आहे. नव्या प्रकारच्या उपकरणाचे रुग्णांवरील अन्वेषण करण्यासाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी लागू शकते. आपले उपकरण कोणत्या वर्गात बसते हे अर्जात एका ओळीत लिहिले असले तर परीक्षकांना अर्जदाराची तयारी कळते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या अर्जांत ही ओळ जवळजवळ कधीच नसते.

संमतिपत्र रुग्णाला कळेल त्या भाषेत असले पाहिजे. गोव्यात याचा अर्थ एका भाषांतराने भागत नाही. एक रुग्ण मराठी वाचतो, दुसरा देवनागरी कोंकणी, तिसरा रोमी म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, आणि कामासाठी आलेला चौथा कन्नड किंवा हिंदी. ही पत्रे करून घेण्यास वेळ लागतो. अभ्यासाच्या वेळापत्रकात तो धरावा. रुग्णाची छायाचित्रे अर्जात किंवा पोस्टरवर वापरायची असतील तर त्याची संमती वेगळी घ्यावी लागते, चेहरा झाकला तरीही.

पुरस्काराच्या स्पर्धेत उपकरण दाखवले तर पेटंट हातचे जाते का?

जाऊ शकते, आणि या एका गोष्टीबाबत घाई करणाऱ्यांना थांबवणे मी माझे कर्तव्य समजतो. पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो. पोस्टर, सादरीकरण, स्पर्धेच्या संकेतस्थळावरील चित्रफीत, वर्तमानपत्रातील बातमी, यांपैकी कशानेही तो सार्वजनिक झाला तर त्याचे नावीन्य धोक्यात येते. भारतीय पेटंट कायद्याच्या ३१ व्या कलमात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आणि सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना बारा महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण महाविद्यालयाचा टेक-फेस्ट किंवा एखाद्या कंपनीची स्पर्धा त्यात बसेलच असे नाही, आणि परदेशांत, विशेषतः युरोपात, ही सवलत उपयोगाला येत नाही.

उपाय साधा आहे. स्पर्धेत उतरण्याआधी तात्पुरत्या विनिर्देशासह (शोधाच्या प्राथमिक वर्णनासह) पेटंट अर्ज दाखल करावा. त्यानंतर पूर्ण विनिर्देश देण्यासाठी बारा महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना शुल्कात मोठी सवलत आहे. हे करण्यापूर्वी हक्क कोणाचा, विद्यार्थ्याचा की संस्थेचा, हे संस्थेच्या धोरणात पाहून घ्यावे. आणखी एक बाब अभियंत्यांना उशिरा कळते: कायद्याच्या ३(आय) कलमानुसार माणसावरील उपचाराच्या किंवा निदानाच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही. उपकरणाला मिळू शकते. म्हणून काय नवे केले हे लिहिताना पद्धत आणि यंत्र यांतला फरक सांभाळावा.

काम गटाने केले आहे, पण पुरस्कार एकालाच आहे. नाव कोणाचे द्यावे?

या क्षेत्रात एकट्याने पूर्ण झालेले काम क्वचितच असते. जयपूर फूट या कृत्रिम पायाचे उदाहरण अजूनही विचार करायला लावते: डॉ. प्रमोद करण सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर तो पाय हातांनी घडवणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांचे नाव त्या मानाने फार थोड्यांना माहीत आहे. सेठींचे श्रेय यामुळे कमी होत नाही. पण पुरस्काराची चौकट एका माणसाच्या आकाराची असली की दुसरा बाहेर राहतो.

दुसरे उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा या वैद्यकीय संस्थेचे. तेथे हृदयाची कृत्रिम झडप तयार करण्यासाठी शल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन आणि अभियंते जी. एस. भुवनेश्वर यांच्या चमूने दशकाहून अधिक काळ काम केले. आधीचे नमुने अपयशी ठरले आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णावर झडप बसवली गेली. तरुण संशोधकांच्या पुरस्कारांचा दर वर्षीचा पंचांगासारखा हिशेब अशा कामाला नीट लागू पडत नाही, हे मान्य करावे लागते. गटाच्या कामाला विज्ञान टीम पुरस्कार आता उपलब्ध आहे.

व्यक्तिगत अर्ज करायचाच असेल तर प्रत्येकाने काय केले याचा अर्धा पानभर तपशील लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. वाद पुरस्कार मिळाल्यावर होतात, त्याआधी नाही.

‘तुमची उत्कृष्ट तरुण संशोधक म्हणून निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असा ईमेल आला आहे. खरा असेल का?

बहुधा नाही. शोधनिबंध प्रसिद्ध होताच लेखकाचा ईमेल पत्ता सर्वांना दिसतो आणि असे संदेश सुरू होतात. अर्ज न करता निवड, विजेत्याकडूनच मागितलेले हजारो रुपये, परीक्षकांची नावे नसणे, एकाच समारंभात शेकडो पुरस्कार, आणि ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द वारंवार, ही त्यांची लक्षणे. परिषदेत हजर राहण्याचे शुल्क प्रतिष्ठित संस्थाही घेतात, पण तेथे शुल्क हजेरीचे असते, पुरस्काराचे नसते.

दुर्दैव असे की पदोन्नतीच्या अर्जात किंवा महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या कागदांत पुरस्कारांची संख्या भरायची असल्यामुळे काही प्राध्यापक जाणूनबुजून अशी सनद विकत घेतात, आणि स्थानिक वृत्तपत्रांत सत्काराची छायाचित्रे येतात. तरुणांनी या वाटेला जाऊ नये. पुढे खऱ्या पुरस्काराच्या परीक्षकांसमोर परिचयपत्र जाते तेव्हा त्यातल्या अशा एका ओळीमुळे बाकीच्या ओळींकडेही संशयाने पाहिले जाते.

पुरस्काराच्या रकमेवर कर लागतो का?

केंद्र वा राज्य सरकारने लोकहितार्थ दिलेल्या, किंवा केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या संस्थांच्या पुरस्कारांना आयकरातून सूट आहे. खासगी कंपनीच्या स्पर्धेतील रकमेला ती असेलच असे नाही. देणाऱ्या संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे. संशोधन-अनुदान संस्थेच्या खात्यात जमा होते, संशोधकाच्या नव्हे, त्यामुळे ‘पन्नास लाख मिळाले’ अशी बातमी आल्यावर गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी मागायला मंडळी आली तर त्यांना हे समजावून सांगावे लागते.

अर्ज मराठीतून करता येतो का?

वैज्ञानिक पुरस्कारांचे अर्ज व्यवहारात इंग्रजीतच केले जातात. मराठी शाळेतून आलेल्यांनी आधी मराठीत मसुदा करून विचार पक्का करावा, मग इंग्रजी करावे. आधी इंग्रजी वाक्ये जुळवायला बसले की तयार साच्यातले शब्द येतात आणि मुद्दा निसटतो. सामान्य वाचकांसाठीचा सारांश मागितला असेल तर तो विषयाबाहेरच्या कोणाला तरी वाचून दाखवावा.

गेल्या वर्षी अर्ज नाकारला गेला. तोच पुन्हा पाठवू का?

बहुतेक योजना पुन्हा अर्ज करू देतात, काहींत मध्ये एक वर्ष थांबावे लागते. तोच अर्ज पाठवू नये. परीक्षकांचे अभिप्राय मिळत असतील तर मागून घ्यावेत. मिळत नसतील तर त्या वर्षीच्या विजेत्यांचे निबंध वाचून पाहावे की त्यांच्याकडे कोणता पुरावा होता जो आपल्याकडे नव्हता. पुष्कळदा उत्तर असे निघते की त्यांनी उपकरण दुसऱ्या एका रुग्णालयातही तपासले होते. तसे असेल तर मडगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा म्हापशाच्या उत्तर गोवा जिल्हा रुग्णालयात अभ्यास करण्यासाठी आचारनीती समितीकडे अर्ज आजच टाकावा, कारण परवानगी, रुग्णांची नोंद आणि विश्लेषण यांत पुढील अर्जाची मुदत केव्हा येऊन ठेपते ते कळत नाही.